पहिल्या प्रयोगासाठी क्रायोलनची टीव्ही पेंटस्टिक: घ्यावी का?

गारगोटी-कागलहून कोल्हापुरात तालमीला येणारी मुलगी राज्य नाट्य स्पर्धेत पहिल्यांदा उभी राहते, तेव्हा संस्थेच्या मेकअपच्या पेटीतली पेंटस्टिकची, म्हणजे चेहऱ्याला रंगाचा तेलकट बेस देणारी, एकच कांडी सगळ्यांच्या तोंडावरून फिरत असते. छटा कुणाला जुळते, कुणाला नाही. म्हणून क्रायोलन या मेकअप कंपनीची स्वतःची एक पेंटस्टिक घ्यावीच. २५ ग्रॅमची कांडी हौशी नटीला बरेच प्रयोग पुरते.

घोटाळा होतो तो छटेत. मैत्रिणीची एफएस ३८ किंवा एफएस ४५ नंबरची छटा चांगली दिसली म्हणून तीच आणायची नाही. महाद्वार रोडच्या दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली तर अजिबात ठरवू नये. जबड्याच्या कडेला बोटभर लावून दारात, उजेडात यावं. जी दिसेनाशी होते ती आपली. एक नंबर उजळ घेण्याचा मोह हमखास होतो. मग चेहरा एकीकडे आणि गळा-हात दुसरीकडे, आणि दिव्यांखाली तो फरक आणखी उठतो.

तोंड धुऊन बर्फ फिरवावा, कोरडं करावं. कपाळावर दोन, गालांवर एकेक, नाक आणि हनुवटीवर छोटी रेघ, एवढं पुरे. स्पंज भिजवून घट्ट पिळावा आणि थोपटत पसरवावं. घासलं की पट्टे पडतात. कान, कानामागची जागा आणि मान हमखास राहते. अंबाडा घातल्यावर तीच प्रेक्षकांना दिसते! वरून ट्रान्सल्युसंट, म्हणजे स्वतःचा रंग न दाखवणारी, पावडर पफने दाबून बसवावी आणि जरा थांबून जादाची ब्रशने झाडावी. नवख्या हाताला अर्धा तास धरा.

पावडर टाळली तर तेलकट बेस चकाकतो आणि मिठीच्या प्रसंगात सहकलाकाराच्या सदऱ्यावर उतरतो. थर जाड झाला तर हसताना डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला भेगा पडतात. शाहू स्मारकाच्या सभागृहात पहिली रांग जवळच असते, तिथे जाड थर म्हणजे मुखवटाच. मध्यंतरात घाम टिपायचा, पुसायचा नाही; टिशू दाबून पुन्हा पावडर.

हातांना मात्र ही कांडी नको. नऊवारीचा काठ आणि ब्लाउजच्या बाह्या माखतात. तिथे ओल्या स्पंजने लावायचा पॅनकेक, म्हणजे वडीसारखा घट्ट बेस, बरा, तो वाळला की कमी उतरतो. खूप घाम येणाऱ्या मुलीने मात्र दोन्ही लावून बघून ठरवावं, कारण पाण्याचा बेस घामाने ओघळतो.

काजळ आणि लिपस्टिक कुणाचीही वापरू नये, कुणाला देऊही नये. डोळे आलेली एकजण सगळ्या संचाला पुरते.

उतरवताना नुसत्या साबणाने भागत नाही. खोबरेल तेल चोळून कापसाने पुसावं, मग फेसवॉश. मुरमं येणाऱ्यांनी तेलाऐवजी क्लीन्झिंग मिल्क वापरावं. शेवटची एसटी गाठायची म्हणून मेकअपसकट घरी जाऊन झोपलं, की सकाळी पुरळ ठरलेलंच. कांडी एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नये, मऊ पडून टोपणाला चिकटते.