रातांब्याचा ड्रायर आणि आमच्याकडचं इन्क्युबेशन सेंटर: दोन वर्षांचा अनुभव

"तिथे जाऊन खरंच काही मिळतं का गं?" असं विचारणारे फोन मला दर महिन्याला येतात. कुणाचा काजूबोंडाचा प्रयोग चालू असतो, कुणाचं मासळीच्या पेटीचं तापमान सांगणारं यंत्र. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. इन्क्युबेशन सेंटर म्हणजे नवा धंदा उभा करणाऱ्यांना जागा, यंत्रं आणि सल्ला देणारं केंद्र. आमचं तळकोकणातल्या एका कॉलेजच्या आवारात आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे माझी तक्रारही आहे आणि ती मी त्यांना लेखी दिलेली आहे.

माझं यंत्र म्हणजे आमसुलं सुकवायचा ड्रायर. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मे मध्ये. फोडून बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असे चार-पाच पुट बसले की आमसूल. एवढं सलग ऊन मेच्या शेवटी मिळेल याची खात्री नाही. वळीव आला की अंगणातला सगळा माल उचलून पडवीत, आणि दोन दिवसांत त्याला बुरा. आमच्या आईची निम्मी आमसुलं अशी गेलेली मी लहानपणापासून बघत आले. पुण्यातली नोकरी सोडून आले ती याच एका गोष्टीसाठी.

पहिलं यंत्र मी घरीच बनवून केंद्रात नेलं होतं. तिथले मार्गदर्शक, अन्नप्रक्रिया कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य घालवलेले निवृत्त गृहस्थ. त्यांनी माझं सादरीकरण उघडूही दिलं नाही. यंत्राचा ट्रे बाहेर काढला, नख फिरवलं आणि विचारलं, "स्टील कुठलं?" मी म्हटलं, ३०४, फूड ग्रेड. ते काहीच बोलले नाहीत. रस लावलेल्या ओल्या साली त्या ट्रेवर ठेवल्या आणि तो खिडकीत ठेवून दिला. तीन आठवड्यांनी बोलावून दाखवलं: वेल्डिंगच्या सांध्यांवर तांबूस ठिपके. कोकमाचं आम्ल, त्यात मीठ, वर आपली खारी हवा. ३१६ स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढे जास्त टिकतं, पण महाग. शेवटी सालींना लागणारी जाळी फूड ग्रेड प्लास्टिकची केली आणि स्क्रू, पट्ट्या तेवढ्या ३१६ च्या. हे मला एकटीला कळलं असतं, पण कधी? पंचवीस यंत्रं विकून, पंचवीस घरांतून बोलणी खाऊन.

दुसरं यंत्र करण्याआधी त्यांनी अट घातली. पंधरा घरी जायचं, यंत्र विकायचं नाही, नुसतं ठेवून यायचं आणि तिथे बसायचं. मला आधी हे वेळ घालवणं वाटलं. कुडाळच्या पलीकडे एका काकींच्या पडवीत तिसऱ्या दिवशी मी बसले होते. काकींनी ट्रेमधलं आमसूल उचललं, उजेडात धरलं, मोडून बघितलं आणि म्हणाल्या, "गो बाये, सुकता खरा, पण काळा पडता. ह्या कोण घेतलो?" मी तापमान ६५ अंश ठेवलं होतं, लवकर सुकावं म्हणून. वरची साल कडक व्हायची, आत ओल राहायची आणि रंग जायचा. ५० वर आणलं, पंखा वाढवला, वेळ दुप्पट लागला. पण रंग राहिला, आणि आमसुलाला भाव रंगावरच मिळतो. आणखी एक गोष्ट त्या पंधरा घरांत कळली. मी शंभर किलोचं यंत्र केलं होतं. बायका एका वेळी फोडतात वीस किलो, कारण फोडायला हात दोनच. आज मी जे विकते ते पंचवीस किलोचं आहे, आणि लाईट गेली तरी पंखा चालावा म्हणून त्याला बॅटरी आणि छोटं सोलर पॅनल आहे.

हे झालं केंद्राचं खरं काम. बाकी सोयी ठीक आहेत. लेथ आहे, थ्रीडी प्रिंटर आहे, सोल्डरिंगचं टेबल आहे. इंटरनेट पावसात जातं. एसी खोलीतली सेमिनारं मी अर्धी सोडली, फार काही बुडालं नाही.

कागदपत्रांत मात्र त्यांचा मोठा आधार होता. आपल्याकडे बहुतेकांचा धंदा स्वतःच्या नावावर असतो. तसल्या एकल मालकीला स्टार्टअप म्हणून केंद्र सरकारची मान्यता मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी असं काहीतरी लागतं. हे ठाऊक नसल्यामुळे माझ्या ओळखीतल्या दोघांचे अर्ज परत आले. मान्यता मिळाली की पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत मिळते, ती मी घेतली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेतून नमुना यंत्रासाठी २० लाखांपर्यंत अनुदान देता येत होतं. मी ८ लाख मागितले. या अनुदानाच्या बदल्यात कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही. पण इन्क्युबेशनच्या वेगळ्या करारात काही केंद्रं हिस्सा मागतात, म्हणून सहीआधी प्रत्येक पान वाचा. माझ्या गिऱ्हाइकांसाठीची वाटही केंद्रानेच दाखवली: सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमई योजनेत यंत्रसामग्रीवर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळत होतं. दोन बचत गटांनी माझे ड्रायर त्यातूनच घेतले.

आता तक्रार. अनुदान हप्त्याने येतं, आणि पुढचा हप्ता समितीच्या बैठकीनंतर. माझा दुसरा हप्ता फेब्रुवारीत यायला हवा होता. बैठक एकदा पुढे गेली, मग मार्चअखेर म्हणून पुन्हा पुढे गेली. पैसे हातात आले १९ जूनला. झाडाखाली एक रातांबा उरला नव्हता. बारा यंत्रांचं सामान मी त्या पैशांवर धरलं होतं. सहा यंत्रं आईच्या बांगड्या गहाण ठेवून केली, उरलेल्या सहा घरांना "यंदा जमणार नाही" असं सांगितलं. त्यातल्या एका घरी त्या वर्षीही माल बुरशीला गेला. शहरातल्या ॲपवाल्याला चार महिने उशीर म्हणजे चार महिने. रातांब्याला, आंब्याला, मासळीला चार महिने उशीर म्हणजे अख्खं वर्ष. कोकणात बसून कोकणातल्या लोकांसाठी चालवलेल्या केंद्राला हे कळायलाच हवं, आणि याचा मला अजून राग आहे.

जावं का? यंत्र, उपकरण, प्रक्रिया असं हाताने करायचं काही असेल तर जरूर जा, आणि पहिला नमुना मोडका असला तरी घेऊन जा. नुसती कल्पना घेऊन गेलेल्यांना तिथे सेमिनारच मिळतात. फक्त पैसे हवे असतील तर आधी बँकेत विचारा. आणि हप्त्यावर विसंबून हंगामाचं सामान उचलू नका.

यंदा मी समितीला पत्र दिलं आहे. शेती आणि मासळीवाल्या स्टार्टअपची हप्त्याची बैठक डिसेंबरमध्ये घ्या, सोबत कुठलं पीक कधी येतं त्याचा तक्ता जोडला आहे. मार्गदर्शक सरांनी त्यावर पहिली सही केली. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.