जीवाणूत जनुक घालायचे, पण कोणत्या वाटेने? ट्रान्सफॉर्मेशन, काँज्युगेशन आणि ट्रान्सडक्शन यांचा तुलनात्मक आढावा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एखाद्या जीवाणूत बाहेरचे जनुक घालायचे ठरले, की बहुतेक विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो, "सर्वांत कार्यक्षम पद्धत कोणती?" प्रश्न रास्त वाटतो, पण त्याला सरळ उत्तर नाही, कारण तिन्ही पद्धतींची कार्यक्षमता तीन निरनिराळ्या मापांनी मोजली जाते. ट्रान्सफॉर्मेशनमध्ये, म्हणजे पेशी बाहेरचा सुटा डीएनए आत घेते तेव्हा, एका मायक्रोग्रॅम डीएनएमागे किती वसाहती उगवल्या ते सांगतात, काँज्युगेशनमध्ये, म्हणजे एक पेशी (दाता) दुसरीला (ग्राही) प्रत्यक्ष संपर्कातून डीएनए देते तेव्हा, हाच हिशेब दाता किंवा ग्राही पेशींच्या संख्येवर करतात आणि ट्रान्सडक्शनमध्ये, म्हणजे फाज हा जीवाणूंना लागण करणारा विषाणू डीएनए वाहून नेतो तेव्हा, तो फाजकणांच्या संख्येवर होतो. कॅल्शियम क्लोराइडच्या पद्धतीने एका मायक्रोग्रॅममागे एक कोटी वसाहती मिळाल्या तर आकडा भव्य दिसतो. परंतु पीयूसी १९ हा सुमारे २,७०० बेस-जोड्यांचा प्लाझ्मिड, म्हणजे क्रोमोसोमपासून वेगळा राहणारा वर्तुळाकार डीएनए, घेतला, तर तेवढ्या डीएनएत त्याचे जवळपास ३४,५०० कोटी रेणू असतात, म्हणजे सुमारे ३४,५०० रेणूंपैकी एकच कामी आला. याउलट एफ हा स्वतःला दुसऱ्या पेशीत पाठवू शकणारा प्लाझ्मिड असलेले इ. कोलायचे दाते ग्राही पेशींबरोबर मिसळले, तर अनुकूल परिस्थितीत तासा-दोन तासांत बहुतेक ग्राही स्वतःच दाते होऊन बसतात. तेव्हा हे आकडे एकमेकांशेजारी मांडून निवड करू नये. निवड ठरते ती ग्राही जीवाणू कोणता आहे यावरून, असे माझे स्पष्ट मत आहे.

या तिन्ही वाटा जीवाणूंच्या स्वतःच्या आहेत, आपण त्या फक्त उसन्या घेतो. १९२८ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उष्णतेने मारलेले, आवरण असलेले न्यूमोकोकस आणि जिवंत, पण आवरण नसलेले न्यूमोकोकस एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या शरीरात आवरण असलेले जिवंत जीवाणू सापडले. मेलेल्या जीवाणूंकडून जिवंतांकडे गेलेला पदार्थ डीएनए असल्याचे ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवले. १९४६ मध्ये लेडरबर्ग आणि टेटम यांना इ. कोलायमध्ये जनुकांची देवाणघेवाण दिसली, आणि १९५० मध्ये बर्नार्ड डेव्हिस यांनी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीत दोन स्ट्रेनच्या (एकाच जीवाणूच्या वाणांच्या) मध्ये बारीक गाळणी बसवली तेव्हा ती देवाणघेवाण थांबली. पेशींचा प्रत्यक्ष संपर्क आवश्यक असल्याचे त्यातून कळले. १९५२ मध्ये झिंडर आणि लेडरबर्ग यांनी साल्मोनेलावर असाच प्रयोग केला, तेव्हा मात्र जनुके गाळणीतूनही पलीकडे गेली, कारण त्यांचा वाहक पी२२ हा फाज होता. याच इतिहासातून आजही उपयोगी पडणारी कसोटी मिळते. डीएनए तोडणारे विकर घातल्यावर हस्तांतरण थांबले तर ते ट्रान्सफॉर्मेशन, गाळणीने थांबले तर काँज्युगेशन, आणि दोन्हींना दाद दिली नाही तर ट्रान्सडक्शन समजावे. स्वतः वेगळ्या केलेल्या जीवाणूतील प्रतिजैविकाचा प्रतिरोध दुसऱ्याकडे कसा जातो, हाच ज्यांच्या प्रकल्पाचा विषय आहे, त्यांनी या कसोटीपासूनच सुरुवात करावी.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. ग्राही जीवाणू डीएच५ अल्फासारखा इ. कोलायचा पाळीव स्ट्रेन असेल आणि प्लाझ्मिड लहान असेल, तर रासायनिक ट्रान्सफॉर्मेशन सोडून दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. बर्फावर ठेवलेल्या कॅल्शियम क्लोराइडमधील पेशी, ४२ अंशांवर मिनिटभराचा उष्ण झटका आणि ३७ अंशांवर तासभर विश्रांती, एवढ्यावर काम भागते. अपयश बहुधा पेशी उशिरा काढल्यामुळे, म्हणजे कल्चर फार दाट झाल्यामुळे येते. ॲम्पिसिलिनच्या प्लेटवर मोठ्या वसाहतीभोवती बारीक वसाहतींचे कडे दिसले तर त्यांना यश समजू नये. मोठ्या वसाहतीने बाहेर सोडलेल्या विकराने आसपासचे ॲम्पिसिलिन नष्ट केल्यामुळे, प्लाझ्मिड नसलेल्या पेशी तेथे उगवलेल्या असतात.

विजेच्या झटक्याची पद्धत, म्हणजे इलेक्ट्रोपोरेशन, हीसुद्धा ट्रान्सफॉर्मेशनच आहे. तिची कार्यक्षमता रासायनिक पद्धतीपेक्षा शंभरपट आणि कधी त्याहूनही जास्त असू शकते. मोठा प्लाझ्मिड, अत्यल्प डीएनए किंवा जनुक-संग्रह तयार करण्याचे काम असेल तर तिचा खर्च वसूल होतो. तिला चालत नाही ते मीठ. लायगेशनचे, म्हणजे डीएनएचे तुकडे जोडण्याचे, मिश्रण स्वच्छ न करता झटक्याच्या कुपीत (क्युव्हेटमध्ये) घातले, तर ठिणगी पडून फटकन आवाज येतो आणि त्या दिवसाचे काम तिथेच संपते. एकच प्लाझ्मिड एकदाच घालायचा असेल तर त्यासाठी यंत्राच्या मागे लागणे मला अनाठायी वाटते.

बॅसिलस सबटिलिस किंवा ॲसिनेटोबॅक्टर बायलीसारखे काही जीवाणू ठरावीक स्थितीत स्वतःहून डीएनए आत घेतात, तेव्हा हे ग्राही असतील तर झटक्याची गरजच नसते. मात्र बॅसिलस डीएनएचा एकच पदर आत ओढत असल्यामुळे प्लाझ्मिडचा सुटा, एकेरी रेणू त्याच्यात सहसा टिकत नाही आणि अनेक प्रती सलग जोडलेला रेणू द्यावा लागतो. क्रोमोसोमशी जुळणारा सरळ तुकडा मात्र तो सहज सामावून घेतो.

खरा पेच पडतो तो ग्राही जीवाणू रानटी असतो तेव्हा. उसाच्या शेतातील मातीतून वेगळा केलेला सुडोमोनास किंवा मुळांवरील गाठींतला ऱ्हायझोबियम घेऊन आलेला विद्यार्थी दोन-दोन महिने ट्रान्सफॉर्मेशन करत बसतो आणि प्लेट रिकामीच राहते. अशा जीवाणूंची स्वतःची डीएनए कापणारी विकरे असतात आणि परका, दुपदरी डीएनए आत येताच ती त्याचे तुकडे करतात. काँज्युगेशनमध्ये डीएनए एकपदरी रूपात आत शिरतो आणि दुसरा पदर आतच तयार होतो, त्यामुळे या कात्रीतून तो काही प्रमाणात सुटतो. शिवाय डीएनए शुद्ध करण्याची आणि पेशी तो आत घेण्यास सक्षम करण्याची दोन्ही कामे वाचतात. म्हणून रानटी ग्राहीसाठी मी काँज्युगेशनचीच शिफारस करेन, तीही पहिला पर्याय म्हणून.

त्यासाठी प्लाझ्मिडवर हस्तांतरणाचा आरंभबिंदू असावा लागतो आणि तो ग्राहीमध्ये टिकणारा, म्हणजे आरके२ सारख्या अनेक यजमानांत वाढणाऱ्या कुळातला असावा लागतो. हस्तांतरणाची यंत्रणा दात्यातच असू शकते किंवा पीआरके२०१३ हा साहाय्यक प्लाझ्मिड बाळगणारी तिसरी पेशी ती पुरवते. तीन पेशींची ही पद्धत ऐकायला गुंतागुंतीची वाटते, पण व्यवहारात ती तीन कल्चर एकत्र करून एका थेंबात ठेवण्याइतकी सोपी आहे. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला एस१७-१ हा दाता अजूनही लोकप्रिय आहे. मात्र त्याच्या क्रोमोसोममध्ये म्यू फाजचे अवशेष आहेत आणि ते ग्राहीच्या जनुकांत जाऊन बसल्याची उदाहरणे असल्यामुळे, उत्परिवर्तनांचा अभ्यास करणाऱ्यांनी दुसरा दाता शोधावा.

एक चूक इतक्यांदा पाहिली आहे की ती येथे सांगणे भाग आहे. एफ प्लाझ्मिडचे, दाता आणि ग्राही यांना जोडणारे तंतू लांब आणि लवचीक असल्यामुळे त्याचे काँज्युगेशन ब्रॉथमध्ये व्यवस्थित होते, परंतु आरके२ गटाचे तंतू आखूड आणि ताठ असतात, आणि ते द्रवात नव्हे तर घन पृष्ठभागावर चांगले काम करतात. म्हणून मिश्रण ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीवर किंवा थेट अगारवर थेंब ठेवून वाढवावे. ब्रॉथमध्ये हलवत ठेवलेले मिश्रण काही न देता वाया जाते आणि दोष प्लाझ्मिडला दिला जातो.

काँज्युगेशनची किंमत मोजावी लागते ती निवडीच्या टप्प्यावर. अखेरीस प्लेटवर दाता मरायला हवा आणि ग्राही जगायला हवा. सुडोमोनासचे अनेक स्ट्रेन ॲम्पिसिलिनला मुळातच दाद देत नाहीत. त्यामुळे दात्याविरुद्ध त्याचा उपयोग होतो, पण प्लाझ्मिडची खूण म्हणून ते निरुपयोगी ठरते. असा नैसर्गिक प्रतिरोध नसेल तर ग्राहीचा रिफॅम्पिसिनला प्रतिरोधक असा आपोआप उद्भवलेला स्ट्रेन निवडता येतो. त्याहून नेटका उपाय म्हणजे डायअमिनोपिमेलिक आम्लाशिवाय न वाढणारा इ. कोलाय दाता वापरणे. ते आम्ल नसलेल्या माध्यमावर दाता आपोआप संपतो आणि ग्राहीला हात लावावा लागत नाही. फक्त दाता आणि फक्त ग्राही अशा दोन वेगळ्या प्लेट रिकाम्या राहिल्या नाहीत, तर तिसऱ्या प्लेटवरील वसाहतींना काही अर्थ नाही.

ट्रान्सडक्शनचे क्षेत्र अरुंद आहे, पण त्या क्षेत्रात त्याला तोड नाही. प्लाझ्मिड नव्हे, तर क्रोमोसोमवरील एखादा बदल एका इ. कोलायमधून दुसऱ्यात जसाच्या तसा न्यायचा असेल, तर पी१ फाज हाच मार्ग. तो सुमारे १०० किलोबेसचा तुकडा, म्हणजे इ. कोलायच्या ४६ लाख बेस-जोड्यांच्या क्रोमोसोमचा साधारण दोन टक्के भाग, आपल्या कवचात भरून नेतो. २००६ मध्ये जाहीर झालेल्या केओ संग्रहात इ. कोलायची ३,९८५ जनुके एकेक करून काढून त्यांच्या जागी कॅनामायसिन प्रतिरोधाचे जनुक बसवलेले आहे. त्यातील हवा तो बदल पी१च्या साहाय्याने आपल्या स्ट्रेनमध्ये आणण्यास तीन-चार दिवस पुरतात. लागणीसाठी कॅल्शियम आणि नंतर पुन्हा लागण होऊ नये म्हणून सोडियम सायट्रेट, एवढे दोन पदार्थ विसरू नयेत. आलेला तुकडा क्रोमोसोममध्ये सामावण्यासाठी ग्राहीत रेकए प्रथिन असावे लागते, आणि ते डीएच५ अल्फामध्ये निकामी आहे. ट्रान्सफॉर्मेशनसाठी सर्वांचा लाडका असलेला हा स्ट्रेन येथे कधीच उत्तर देणार नाही. शिवाय फाज एकदा प्रयोगशाळेत पसरला की शेजारच्या टेबलावरची कल्चरही विरघळू लागतात, तेव्हा स्वतंत्र पिपेट आणि कडक शिस्त नसेल तर ही पद्धत घेऊ नये.

पद्धत कोणतीही निवडली, तरी पुनर्संयोजित जीवाणूंसाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम लागू होतात, तेव्हा संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज आधी करावा. काँज्युगेशन करणाऱ्यांनी अर्जात प्लाझ्मिड ग्राहीतून पुढे आणखी कोणाकडे जाऊ शकतो का, हेही लिहावे. हस्तांतरणाची यंत्रणा साहाय्यक पेशीत ठेवली आणि ती ग्राहीत पोहोचलीच नाही किंवा पोहोचूनही टिकली नाही, तर प्लाझ्मिड स्वतःच्या बळावर पुढे जात नाही. वेळापत्रकात रासायनिक ट्रान्सफॉर्मेशनला दोन दिवस पुरतात. काँज्युगेशनसाठी मात्र ग्राही कोणत्या प्रतिजैविकाच्या किती मात्रेला मरतो हे तपासण्याचा आठवडा आधी धरावा आणि त्या प्लेटचे निकाल हाती आल्यानंतरच प्लाझ्मिड मागवावा.