नवोदय पलूस का सैनिक स्कूल सातारा? पाचवीतल्या लेकराच्या आईबापांसाठी

पाऊस सुरू झाला की तासगाव, पलूस, वाळवा भागातले पालक एकच विचारतात, गुरुजी नवोदयचा फॉर्म भरू का सैनिकचा. दोन्ही सहावी ते बारावीच्या, तिथंच राहून शिकायच्या सरकारी शाळा, आणि दोन्हीकडं प्रवेश परीक्षेनं. मी आधी उत्तर सांगतो आणि मग कारणं. फॉर्म दोन्हींचा भरा, पण दोन्हीकडं नाव लागलं तर शेतकऱ्याच्या, मजुराच्या, गावातल्या साध्या घरातल्या पोरानं नवोदय धरावं, आणि ज्या पोराला स्वतःला फौजेची ओढ आहे (बापाला नव्हे, पोराला) त्यानं साताऱ्याची वाट धरावी.

आता ह्या दोन शाळा नेमक्या कुणाच्या, हे आधी समजून घ्या, कारण फी पासून दाखल्यापर्यंत सगळं त्यावर ठरतं. शिक्षण हा विषय मुळात राज्याचा होता, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं तो केंद्र आणि राज्य दोघांच्या समवर्ती सूचीत गेला. पण सातारचं सैनिक स्कूल त्याच्याही आधीचं, २३ जून १९६१ ला सुरू झालेलं, देशातलं पहिलं सैनिक स्कूल. त्यावेळी कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. योजनाच अशी की जमीन, इमारत, शिष्यवृत्ती राज्यानं द्यायची आणि प्राचार्य वगैरे लष्करी अधिकारी संरक्षण खात्यानं पाठवायचे. म्हणजे भागीदारीतली शाळा. नवोदयचं तसं नाही, ती १९८५-८६ ला आली, पहिल्या दोन शाळांतली एक आपल्या अमरावतीला, दुसरी हरियाणात झज्जरला. तिथं राज्याकडून जागा घेतात आणि पुढचा सगळा खर्च केंद्राचा. जिल्ह्याला एक असा हिशेब, पण तमिळनाडूनं भाषेच्या मुद्द्यावरून आजवर एकही नवोदय घेतली नाही. आपल्या राज्यानं घेतली म्हणून सांगलीच्या पोरांना पलूस मिळालं, हे विसरू नका.

पैशाचं बोलू. नवोदयात राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं फुकट. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये, तेही मुली, एससी, एसटी आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, सरकारी नोकराच्या मुलांना मात्र १५००. सैनिक स्कूलची फी वर्षाला लाखाच्या वर जाते. राज्य सरकारची शिष्यवृत्ती आहे, पालकांच्या उत्पन्नावर ठरते आणि कमी उत्पन्नाच्या घराला तिचा चांगला आधार होतो, पण ती किती आणि कधी मिळणार हे शाळेत समक्ष विचारून घ्या, नुसतं शेजाऱ्याच्या सांगण्यावर सात वर्षांचा हिशेब मांडू नका.

परीक्षा. इथंच बरेच जण फसतात. नवोदयची दोन तासांची, ८० प्रश्न १०० मार्क, त्यातले ५० मार्क निव्वळ बुद्धिमत्तेचे (आकृत्यांची कोडी), बाकी २५ गणित आणि २५ भाषा. पेपर मराठीत मिळतो. सहावीसाठी संधी एकदाच, पाचवीत असताना, परत नाही, आणि पोरगं त्याच जिल्ह्यात राहणारं आणि शिकणारं पाहिजे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाच्या, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत झालेली लागतात. तिसरीत पोराला घेऊन सांगलीत खोली करून राहिलात तर ती ग्रामीण जागा हातची गेली, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतोय. सैनिकची परीक्षा एनटीए (केंद्राची परीक्षा घेणारी संस्था) घेते, सहावीसाठी १२५ प्रश्न ३०० मार्क, आणि त्यातले १५० एकट्या गणिताचे! सोबत सामान्य ज्ञान पण आहे. म्हणजे आकृत्यांत हुशार पण गणितात ढिलं असलेलं लेकरू नवोदयला लागेल आणि सैनिकला अडकेल. सैनिकला वय बघतात, ३१ मार्चला १० ते १२, त्यामुळं वयात बसलं तर दुसऱ्यांदा देता येते. नववीला पण प्रवेश आहे पण तो पेपर इंग्रजीतच, मराठी माध्यमाच्या पोरांना तो जड जातो, म्हणून सहावीचाच नेम धरा.

सैनिकला मार्कांनंतर मेडिकल असते आणि तिथं पोरं गळतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण वर्षभर पहाटे उठून केलेलं असतं. म्हणून पाच हजारांची पुस्तकं आणि दीड लाखाची अ‍ॅकॅडमी घ्यायच्या आधी एवढं करा, डोळे तपासून घ्या, दोन्ही गुडघे जुळवून उभं करून घोट्यांमध्ये फार अंतर राहतं का बघा, आणि ओल्या पायानं फरशीवर चालवा. तळव्याचा मधला भाग आत वळलेला उमटला तर ठीक, अख्खा तळवा चपटा उमटला तर डॉक्टरला दाखवा.

आतलं वातावरण दोन्हीकडं वसतिगृहाचंच, मुली पण दोन्हीकडं, सैनिकमध्ये २०२१-२२ पासून घेतात. सैनिकला शिस्त लष्करी आणि माध्यम इंग्रजी. नवोदयात आठवीपर्यंत मातृभाषेचा आधार असतो आणि नववीला तीस टक्के पोरं वर्षभर हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयात जातात, तिकडची इकडं येतात. आया ह्याला घाबरतात. मला विचाराल तर ह्या योजनेतलं सगळ्यात मोलाचं हेच आहे. राज्यं एकमेकांशी बैठका घेतात, करार करतात, पण पलूसचं तेरा-चौदा वर्षांचं पोरगं परराज्यातल्या मेसमध्ये बसून तिथल्या पोरांशी मैत्री करतं, त्याची बरोबरी कुठली बैठक करणार. मात्र घर सोडून फार रडणारं लेकरू असेल तर दोन्हीचा नाद करू नका, दहाव्या वर्षी ते सगळ्यांनाच झेपत नाही.

पुढचं करिअर. दोन्ही सीबीएसई, दोन्हीकडं एनसीईआरटीची पुस्तकं, नीट-जेईईला उपयोगी. शाळा महाराष्ट्रातच असल्यानं दहावी-बारावी इथंच होते, त्यामुळं मेडिकलचा ८५ टक्के राज्य कोटा जात नाही. सैनिक स्कूल काढलंच एनडीएसाठी (बारावीनंतर लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी), पण प्रवेश म्हणजे एनडीए नव्हे, यूपीएससीचा पेपर आणि एसएसबी (लष्कराची मुलाखत) सगळ्यांना सारखीच.

आणि नाही लागलं तर? झेडपीची शाळा आहे की. राज्य सरकारची शाळांबाबतची धोरणं हल्ली हलतात हे खरं, २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिलमध्ये निघाला आणि जूनअखेर मागं घेतला, पालक गोंधळले. पण त्याच झेडपी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा पैसा येतो, काही शाळा पीएम श्री ह्या केंद्राच्या शाळा सुधार योजनेत निवडल्यात, तुमच्या गावाजवळची असेल तर एकदा आत जाऊन बघा. फक्त संस्थांच्या 'सैनिकी शाळा' म्हणजे सातारचं सैनिक स्कूल नव्हे, त्या राज्याच्या धोरणातल्या वेगळ्या, नावावरून पैसे भरून बसू नका.

शेवटचं, दाखले. दोन्हीकडं ओबीसी आरक्षण केंद्राच्या यादीप्रमाणं. राज्याच्या २०२४ च्या कायद्यातलं १० टक्के एसईबीसी (मराठा) आरक्षण इथं चालत नाही, मराठा पालकांनी त्या भरवशावर राहू नये. कुणबी दाखला असेल तर ती जात केंद्राच्या यादीत आहे. पण नॉन क्रिमीलेयर (ओबीसीतल्या प्रगत घरातलं नसल्याचं प्रमाणपत्र) केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, सेतूत गेल्यावर "केंद्राचं पाहिजे" असं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचं हातात देतात आणि परत रांग. नवोदयची परीक्षा डिसेंबर-जानेवारीत येते, सैनिकची जानेवारीत, तेव्हा ह्या दाखल्याचा अर्ज जूनमध्येच टाका.