माझ्या चार महिन्यांच्या लेकीच्या कानात सोनं म्हणून पितळ घातलं

रकमेपासूनच सुरुवात करते, कारण खरा आकडा मी अजून घरातही सगळ्यांना सांगितलेला नाही. १८,७०६ रुपये. त्यातले १४,२२० मी स्वतःच्या फोनवरून, पुण्यात धायरीतल्या माझ्याच हॉलमध्ये बसून पाठवले.

बारशाला कान टोचले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलंटचे डोस होऊ द्या, त्यात धनुर्वाताची लस असते. ते आम्ही पाळलं. डोस झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मी रोडला आपल्या सराफाकडे जाऊ." मी नको म्हटलं. भर पावसात, सिंहगड रोडच्या गर्दीतून, चार महिन्यांचं बाळ घेऊन कुठे जाणार? गाडी लावायला जागा मिळेपर्यंत ती रडून निळी होते. आजही मला तो विचार चुकीचा वाटत नाही. चुकलं ते पुढे.

इन्स्टाग्रामवर जाहिरात होती: घरी येऊन, विनावेदना, निर्जंतुक, २२ कॅरेटच्या टॉपसह. ५०० रुपये बुकिंग भरलं. एक बाई आणि एक मुलगा आले. बाईच्या अंगात पांढरा कोट. हिशेब तिने असा सांगितला: टॉपचं वजन १.२०० ग्रॅम, भाव ९,१००, म्हणजे १०,९२०. घडणावळ १,८००. कान टोचायचे १,५००. एकूण १४,२२०, बुकिंगचे वजा करून १३,७२० द्या.

मी विचारलं, "हॉलमार्क कुठंय?" हो, मी विचारलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, दोन ग्रॅमच्या खाली हॉलमार्क लागतच नाही, सरकारचा नियम आहे." नवऱ्याने तिथल्या तिथे फोनवर शोधलं आणि नियम खरा निघाला! २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. तो खरा निघाला आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. सक्ती नाही एवढाच त्याचा अर्थ. पण आम्ही तिची एक गोष्ट खरी निघाली म्हणून बाकीच्या सगळ्या खऱ्या धरल्या. बाळाच्या कानातलं जवळजवळ नेहमीच दोन ग्रॅमच्या आतलं असतं, आणि या लोकांचा सगळा धंदा त्या सवलतीवर उभा आहे.

अजून सांगते. ९१६ हा २२ कॅरेटच्या शुद्धतेचा आकडा डबीच्या झाकणावर छापलेला होता, टॉपवर नव्हता. वजन केलं तेव्हा टॉप त्या जाड कार्डाला टोचलेलेच होते, म्हणजे कार्डाचंही वजन मी सोन्याच्या भावाने घेतलं. तिने लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. अहो, पितळही चिकटत नाही, तांबंही नाही, चांदीही नाही! बिल मागितलं तर "व्हॉट्सअॅपवर टाकते." आलं ते एक चित्र. त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता. मी नऊ वर्षं एका कंपनीत बिलंच तपासते. परक्याचं बिल असतं तर दहा सेकंदांत परत पाठवलं असतं. पण आदल्या रात्री मी सलग दोन तासही झोपले नव्हते, लेक मांडीवर भुकेने रडत होती आणि तो मुलगा म्हणत होता, "पुढची अपॉइंटमेंट आहे, ताई." घाई केली की थांबा. तिथेच थांबा. त्यांना जाऊ द्या.

टोचलं बंदुकीने. आता कळलं की ती प्लास्टिकची स्प्रिंगची बंदूक दवाखान्यातल्या उपकरणांसारखी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करताच येत नाही. तिने वरून स्प्रे मारला आणि मी समाधान मानलं. टॉपला मागे फिरकी नव्हती, दाबून बसवायचा चाप होता, आणि तो तिने अगदी पाळीला घट्ट टेकवला. कान सुजणार, त्याला जागा हवी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते तिचं काम होतं.

पाचव्या दिवशी दोन्ही पाळ्या लाल. कान चोळून चोळून पिवळं पाणी यायला लागलं. फोन केला. "सोनं अंगाला लागतंय, हळद-तेल लावा." लावलं. बाराव्या दिवशी तीच बाई परत आली आणि 'मेडिकेटेड' टॉप म्हणून दुसरी जोडी घालून गेली. २,४०० रुपये. दुसऱ्यांदा! पहिल्या वेळेला निदान माझ्याकडे कारण होतं, या वेळेला फक्त भीती होती.

सोळाव्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, ७०० रुपये. डाव्या कानात चाप मांसात रुतला होता. त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे ९००, औषध २८६. तो काढताना ती ज्या आवाजात रडली तो मी इथे लिहू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, धातू जिथे टेकतो तेवढ्याच जागी पुरळ आणि खाज आहे, निकेल या धातूची अॅलर्जी असणार. हळद-तेल बंद. स्पिरिट नाही. हात धुऊन, सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने दिवसातून दोनदा पुसायचं, कोरडं करायचं, टॉप फिरवत बसायचं नाही. पू दिसला तर घरी टॉप उपसून काढायचा नाही, वरून भोक बुजतं आणि पू आत अडकतो. हे ज्याला त्याला सांगा.

मग जुनी जोडी घेऊन लक्ष्मी रोडला गेले, जिथे आधीच जायला हवं होतं. सराफांनी कानशीने जरा घासलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर पाणी चढवलंय." त्यांच्या सांगण्यावरून हॉलमार्किंग केंद्रात २०० रुपये भरून तपासून घेतलं. कापून बघितल्यावर आत तांबं आणि जस्त, म्हणजे पितळ. त्यावर निकेलचा थर. त्यावर सोन्याचा मुलामा. तो निकेल माझ्या बाळाच्या उघड्या जखमेत बारा दिवस होता.

सराफांनी हेही सांगितलं की सक्ती नसली तरी लहान दागिना हॉलमार्क करून देणारी दुकानं आहेत, मागावं लागतं. हॉलमार्क असेल तर १ एप्रिल २०२३ पासून त्यावर एचयूआयडी, म्हणजे अक्षरं आणि अंक मिळून सहा खुणांचा त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून घरी बसून तपासता येतो. दागिना मागे फिरकीचा, कडा गोल, लोंबणारं काही नाही. बाळ बोट घालून ओढतं आणि सैल झालेलं तोंडात घालतं.

आता तक्रारीचं. चौकीवर गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, वस्तू मिळाली ना? मग हा ग्राहक न्यायालयाचा विषय." मी अहवाल पुढे ठेवला. त्यांनी तो उघडलाही नाही. दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथे विचारलं, "पैसे ऑनलाइन तुम्हीच पाठवलेत ना, स्वतःहून?" तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, दागिन्यावर हॉलमार्कच नाही तर बनावट हॉलमार्कची तक्रार कशी घेणार? म्हणजे जो खोटा शिक्का मारतो तो पकडला जाईल, आणि जो शिक्काच मारत नाही तो मोकळा! बँक म्हणाली, व्यवहार यशस्वी झालेला आहे. ग्राहक न्यायालयासाठी समोरच्याचा पत्ता लागतो, आणि पत्ता शोधायचं काम पोलिसांचं, आणि पोलीस म्हणतात आधी ग्राहक न्यायालय. तीन रजा, रिक्षाचं भाडं आणि अहवालाच्या अकरा झेरॉक्स. एका ठिकाणी तर हसून विचारलं, "एवढ्या लहान बाळाला सोनं कशाला?" मी उत्तर दिलं नाही, कारण रडू आलं असतं. चौदा हजारांचा गुन्हा यांना लहान वाटतो. पण ती बाई दिवसात चार घरं करते, हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय.

माझी एक चूक मान्य आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन मी एकोणीस दिवसांनी केला. पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात करा. चॅट पुसू नका, तिने पुसायच्या आत स्क्रीनशॉट घ्या. माझ्याकडचे अर्धे मेसेज तिने तिच्या बाजूने काढून टाकले.

उजवा कान बरा झालाय. डाव्या कानाचं भोक बुजलं, तिथे बारीक गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, काही महिने हात लावायचा नाही.

जाताना तिने "आठवण म्हणून" लेकीचा फोटो काढला होता. आता तेच लोक दुसऱ्या नावाने जाहिरात करतात आणि तो फोटो त्यात आहे. हिरव्या काठाचं पिवळं झबलं, दोन्ही कानांत चकचकीत टॉप. दोन वेळा रिपोर्ट केला, हटवलेला नाही. तुम्हाला दिसला तर ५०० भरण्याआधी डबीवरचा नाही, टॉपवरचा शिक्का मागा. त्या फोटोतल्या कानात पितळ आहे.