‘डी.पी.’चे दुसरे पर्व : जाब कोणाला विचारायचा?

कोरियन सैन्यातील छळावर बेतलेल्या ‘डी.पी.’ या मालिकेचे दुसरे पर्व २८ जुलै २०२३ रोजी नेटफ्लिक्सवर आले आणि पुण्यातील आम्हा कोरियन मालिका पाहणाऱ्यांमध्ये त्यावरून सरळ दोन तट पडले. मूळ जोडगोळीच हरवली, अशी एका गटाची तक्रार आहे. तर पहिल्या पर्वाने जे अर्धवट सोडले होते, ते दुसऱ्याने पुरे केले, असे दुसरा गट म्हणतो. मी दुसऱ्या गटात आहे, परंतु पहिल्या गटाची तक्रार निराधार नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, सैन्यातून पळून गेलेल्या जवानांना शोधून परत आणणाऱ्या लष्करी पोलिसांच्या पथकाची ही कथा आहे; ‘डी.पी.’ म्हणजे ‘डेझर्टर पर्स्यूट’, पळपुट्यांचा पाठलाग. दक्षिण कोरियात सुदृढ तरुणांना लष्करी सेवा सक्तीची असते. आपल्याकडे भरतीसाठी तरुण पहाटे उठून धावण्याचा सराव करतात, तर तेथे अनिच्छेने आलेल्या मुलालाही गणवेश चढवावाच लागतो, हा फरक ध्यानात ठेवल्याशिवाय मालिकेतील घुसमट कळत नाही. कथेचा काळ २०१४ हा आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेथील एका जवानाचा सहकाऱ्यांच्या मारहाणीत मृत्यू झाला होता आणि जूनमध्ये सीमेवरील चौकीत एका सार्जंटने गोळीबार करून पाच सहकाऱ्यांचा जीव घेतला होता. त्यामुळे कोरियन प्रेक्षकांना ही गोष्ट नुसती कल्पित वाटली नसणार.

पहिल्या पर्वात एक जवान म्हणतो की त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांवर १९५३ हे साल आहे. कोरियन युद्धाच्या वेळची बाटलीसुद्धा जेथे बदलत नाही, तेथे माणसांची वागणूक काय बदलणार, हा त्याचा प्रश्न दुसऱ्या पर्वाचा पाया ठरतो. सहकाऱ्यांच्या छळाला कंटाळून बंदूक उचलणारा किम रू-री पळतो, पथकातील आन जुन-हो आणि हान हो-योल ही मूळ जोडगोळी त्याच्या मागावर निघते, आणि पाहता पाहता प्रश्न ‘तो कोठे लपला आहे’ येथून ‘त्याला या टोकाला कोणी नेले’ येथे येऊन पोहोचतो. मग लष्कराच्या विधी विभागाचा प्रमुख गू जा-उन समोर येतो. जी जिन-ही यांनी हा अधिकारी आवाज न चढवता, चेहऱ्यावरची घडी न मोडता उभा केला आहे, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

पुण्यातील वसतिगृहांत राहणारी मुले ही मालिका पाहून प्रथम रॅगिंगबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यात, तक्रार येऊनही कारवाई न करणाऱ्या संस्थाप्रमुखाने त्या गुन्ह्याला साहाय्य केले असे मानण्याची तरतूद आहे. हात उगारणाऱ्याइतकाच डोळेझाक करणाराही दोषी ठरतो, हे तत्त्व दुसरे पर्व सहा भागांतून तावूनसुलाखून पाहते. पहिल्या पर्वात मारणारे दिसतात. येथे फाइल दाबणारे दिसतात. ही वाट दिग्दर्शक हान जुन-ही यांनी मुद्दाम निवडली असावी आणि मला ती पूर्णपणे पटली.

तिसरा भाग मात्र स्वतंत्रपणे नावाजावा असा आहे. ज्या कारणासाठी छावणीत छळ झाला, तेच आपले स्त्रीवेशातील रूप घेऊन रंगमंचावर उभा राहणारा पळपुटा जवान बे ना-रा यांनी साकारला आहे. रंगभूषा केलेला चेहरा, प्रकाशझोत आणि गाताना ताठ होत जाणारी मान एवढ्यावर त्यांनी तो प्रसंग पेलला आहे. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेतलेल्या या गावात त्या प्रसंगाची ताकद वेगळी सांगावी लागू नये. चौथ्या भागात कॅप्टन इम जी-सप सीमेवरच्या ठाण्यावर तपासाला जातो आणि मालिका अचानक भयकथेच्या अंगाने जाते. काहींना तो भाग परका वाटला, मला नाही.

आता उणीव. पाचव्या भागातील आगगाडीतील मारामारीत एकटा जुन-हो इतक्या जणांना भारी पडतो की आधीच्या भागांनी जपलेला खरेपणा तेथे निसटतो. शिवाय हो-योल आरंभी आघातामुळे वाचा हरवून रुग्णालयात असतो आणि पुढेही त्याला पहिल्या पर्वाइतका वाव मिळत नाही. गू क्यो-ह्वान यांच्या मिस्कीलपणामुळे पहिले पर्व सुसह्य झाले होते, त्यामुळे ज्यांना ती जोडी पाहायची होती त्यांचा हिरमोड होणे स्वाभाविक आहे.

आमच्या ओळखीच्या, दिघीला राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारकाकांचे मत याहून निराळे होते. त्यांचा आक्षेप असा की, जवानाच्या तक्रारीची पहिली दखल घेणे हे त्याच्या निकटच्या वरिष्ठाचे काम असते, आणि मालिका वरच्या कार्यालयांवर रोख धरताना तुकडीतील त्या माणसाला थोडक्यात सोडते. हा मुद्दा मला विचार करण्याजोगा वाटतो. पथक सांभाळणारा सार्जंट पार्क बॉम-गू हे पात्र किम संग-ग्युन यांनी इतक्या जिव्हाळ्याने रंगवले आहे की, त्याच्यासारखे वरिष्ठ आधी कोठे होते, हे विचारायचे राहूनच जाते.

पाहायचेच असेल तर पहिले पर्व वगळू नये, कारण येथील पहिला प्रसंग तेथील शेवटच्या प्रसंगातूनच निघतो. पहिले दोन भाग एका बैठकीत पाहावेत. मारहाणीची दृश्ये बरीच आहेत, तेव्हा घरात लहान मुले जागी असताना ही मालिका लावू नये.