अननोन सोल्जर बघायचाय, पण कुठला? १९५५ चा की २०१७ चा?

दुसऱ्या महायुद्धात रशियाशी लढणाऱ्या फिनिश सैनिकांवरच्या, फिनिश लेखक व्हाइनो लिन्नाच्या याच नावाच्या कादंबरीवर तीन सिनेमे निघालेत हे माहीत असेलच, त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की आधी एडविन लाइनेचा १९५५ चा ब्लॅक अँड व्हाइट बघायचा की आकू लोउहिमिएसचा २०१७ चा. मधे १९८५ चा राउनी मोल्बर्गचाही आहे, पण तो या दोघांतला एखादा पचल्यावर बघा असं मी म्हणेन.

मी सुरुवात २०१७ च्यानेच केली, आणि दिसायला तो जबरदस्त आहे यात वादच नाही. फिनलंडच्या स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी आलेला, पैसा दणकून ओतलेला, एका टेकमध्ये सगळ्यात जास्त स्फोटकं उडवल्याचा गिनीज रेकॉर्डही तेव्हा त्याच्या नावावर झाला होता, आणि हेडफोन लावून बघितलात तर तोफगोळा पडायच्या आधीच मान आपोआप खाली जाते.

पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत खुपली, ती म्हणजे आत्ता गेला तो नेमका कोण हेच कळत नाही. मशीनगन कंपनीतली डझनभर पोरं, सगळ्यांचे कपडे एक, तोंडाला चिखल, डोक्यावर हेल्मेट, बोलतात पुटपुटत, वर नावं हिएतानेन, लाहतिनेन, लेह्तो, आपल्या कानाला सगळी सारखीच. कोणीतरी पडतो, बाकीचे सुन्न होतात, आणि आपण पॉज करून मागे जातोय की अरे हा मघाशी शिव्या घालत होता तोच का दुसरा कोणी. असं दोनचारदा झालं की वाईट वाटायचं राहूनच जातं. त्यात बाहेरच्या देशांसाठी कापलेली सव्वादोन तासांची आवृत्ती मिळाली तर विचारूच नका, मुळात तीन तासांतही जी माणसं ओळखीची होत नव्हती ती तिथे काय होणार.

१९५५ च्यात ही कटकट मला जवळपास झालीच नाही. लाइने मुळात नाटकवाला, त्यामुळे त्याची माणसं जरा मोठ्यानेच बोलतात, आजच्या डोळ्यांना थोडं जास्त वाटेल, पण अर्ध्या तासात तुम्ही आवाजावरून सांगू शकता कोण बोलतोय. वानहालाचं ते सारखं खी खी, लाम्मिओ साहेबाचा अकडू सूर, आणि रेइनो तोल्वानेन या नटाने केलेला रोक्का नावाचा सैनिक तर काय, वरिष्ठांना हसत हसत उडवून लावतो. प्रत्येक जण आपापल्या भागाची बोली बोलतो, सबटायटलमध्ये ती सपाट होते खरी, पण हेल कानावर येतोच ना.

दोष आहेतच. लष्कराने तेव्हा मदत नाकारली, म्हणून युद्धकाळातलं खरं फुटेज मधेमधे जोडलंय आणि सांधा दिसतो. विशीतली पोरं म्हणून जे उभे केलेत ते विशीतले अजिबात वाटत नाहीत. शेवटी फिनिश संगीतकार सिबेलियसची फिनलांडिया ही देशभक्तीची धून वाजते, ते कोणाला जड होईल, मला चाललं.

एका बाबतीत मात्र २०१७ वाला सरस, तो घर दाखवतो. रोक्काची शेती कारेलियातली, म्हणजे १९४० च्या तहात रशियाला गेलेल्या भागातली, आणि १९४१ मध्ये तो परत लढायला येतो तो त्या जमिनीसाठी. बायको, पोरं, शेत समोर दिसल्यावर साहेबाला न जुमानणारा हा माणूस लढाईत एवढा पुढे का असतो ते लख्ख कळतं. इथे रोक्का एएरो आहोने केलाय, तोही छान, तोल्वानेनपेक्षा थकलेला, कोरडा.

म्हणजे सोबत कोणी ब्लॅक अँड व्हाइट म्हटल्यावर उठून जाणारं असेल तर २०१७ चा लावा, वाईट नाहीये. पण एकटे बसणार असाल आणि तीन तास मोकळे असतील तर मी जुन्याकडेच बोट दाखवीन, फिनलंडच्या टीव्हीवर ६ डिसेंबरला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, अजूनही तोच लागतो. आणि नवाच बघायचा ठरला तर त्याची पाच भागांची सिरीज निघालीये ती शोधा, तिथे माणसं ओळखायला जरा वेळ मिळतो.