दहा महिन्यांनी सांगतो, आधी स्क्रूचं टोक बघा

गेल्या एप्रिलमध्ये दोन कामं एकदम निघाली. गोव्यात डिचोलीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड आणि समुद्रकाठच्या मांद्र्याला सासुरवाडीच्या पडवीची दुरुस्ती. पाऊस तोंडावर आलेला, वेल्डर मिळेना, म्हणून बरंचसं काम मी आणि मेव्हण्यानं मिळून केलं. स्क्रू आणायला गेलो की दुकानदार लांबी विचारतो, डोकं कसलं हवं ते विचारतो. कशात मारायचाय हे कुणी विचारत नाही. आता पावसाळाही उलटलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

शेडला ५.५ मिमीचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आणले, षटकोनी डोक्याचे, रबरी वायसरवाले. टोकाला छोटं ड्रिल बिटच असतं. २ मिमीच्या बॉक्स पाइपात लोण्यासारखे गेले. पण जिथं पाइपावर ६ मिमीची जोडपट्टी होती तिथं पहिला स्क्रू गरगर फिरत राहिला आणि टोक निळं पडलं. दुसरा मोडला, तिसराही मोडला. मला वाटलं माल हलका आहे. दोष मालाचा नव्हता, निवड माझी चुकली होती.

टोकाचा बिटवाला भाग जेवढा लांब, तेवढीच जाडी तो स्क्रू पार करतो. भोक आरपार व्हायच्या आधीच आटे लोखंडात अडकले, तर आटे दर फेऱ्याला जवळजवळ दोन मिमी पुढे ओढतात आणि टोक मात्र त्याच्या कितीतरी कमी कापतं. या ओढाताणीत स्क्रूची मान तुटते. ५.५ मिमीच्या नेहमीच्या स्क्रूची, म्हणजे तीन नंबर टोकाची, मर्यादा साधारण सव्वापाच मिमी. जोडपट्टी आणि पाइप मिळून माझ्याकडे आठ मिमी झाले होते. मग लांब बिटाचे, पाच नंबर टोकाचे आणले. ते साडेबारा मिमीपर्यंत चालतात आणि त्यांचे आटेही बारीक असतात. एकही मोडला नाही. जाडी मोजताना पत्रा, पट्टी, पाइप, मधे फट असेल तर तीसुद्धा धरा. आणि मशीन पूर्ण वेगानं दामटू नका. वेग मध्यम आणि दाब जास्त ठेवला की चकचकीत कीस निघतो. टोक निळं पडलं तर ते जळलं म्हणून समजा. हा कीस त्याच दिवशी झाडून काढा. आम्ही एक कोपरा विसरलो, तिथं पहिल्याच पावसानंतर पत्र्यावर गंजाचे ठिपके उठले.

याच्या उलट गोष्ट पातळ पत्र्याची. पत्र्यावर पत्रा जोडायला बिटाचं टोक नको. ते धातू कापून बाहेर टाकतं, मग आट्यांना धरायला उरतं काय? स्क्रू नुसता फिरतो. तिथं अणकुचीदार टोकाचा, बारीक आट्यांचा घ्या. तो धातू बाजूला सारत जातो आणि घट्ट बसतो.

मांद्र्याचे वासे जुन्या मट्टीचे, घाटावर ज्याला ऐन म्हणतात ते. दगडासारखं लाकूड. साधा टोकदार स्क्रू वाशाच्या टोकाजवळ मारला आणि वासा उभा चिरला. पन्नास वर्षं उन्हापावसात टिकलेलं लाकूड माझ्या हातून फुटलं, फार वाईट वाटलं. तेव्हा मेस्त्रींनी टाइप १७ टोकाचे दाखवले. टोकाशी आट्यांवर एक खाच असते, ती तंतू कापत जाते आणि भुसा त्यात मावतो. फरक हाताला लगेच कळतो. तरी वाशाच्या टोकाशी मी आता आधी बारीक भोक पाडतोच.

लोखंडी चौकटीवर जाड प्लाय ठोकायचा असेल तर पंखवाले स्क्रू मागा. पंख प्लायमधलं भोक मोठं करतात आणि लोखंडाला लागले की तुटून पडतात. पंख नसले तर आटे प्लायला धरून वर उचलतात आणि मधे फट राहते.

काळे, जिप्सम बोर्डाचे स्क्रू जिप्समसाठीच ठेवा. स्वयंपाकघरातलं वरचं कपाट आम्ही त्यावर टांगलं होतं. ते कडक असतात पण ठिसूळ. ऑगस्टमध्ये दोन स्क्रूंची डोकी तुटून कपाट एका बाजूला कललं, नशिबानं खाली कुणी नव्हतं. नंतर चवथीला माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतात त्या चौकटीसाठी मेव्हणा तेच काळे स्क्रू काढून आला, तेव्हा मी ते त्याच्या हातातून काढून घेतले. नारळ, सुपाऱ्या, फळं यांचं वजन, त्याखाली गणपती आणि घरची मुलं. तुळईत आधी भोक पाडून जाड हुक घातले.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीत मात्र यातलं कुठलंच टोक उपयोगाचं नाही. तिथं लांब प्लग लागतो, आणि भोक ड्रिल मशीनची हातोडी बंद ठेवून पाडावं लागतं.

सगळ्यात महाग पडली ती स्टीलची बाब. दोन्ही घरी ४१० स्टेनलेसचेच स्क्रू मारले. डिचोलीला अजून स्वच्छ आहेत. मांद्र्याला, समुद्राच्या वाऱ्यात, डोक्याखालून तपकिरी ओघळ उतरलेत. ३०४ हा स्टेनलेसचा दुसरा प्रकार का नाही घेतला, असं सासऱ्यांनी विचारलं. पण ३०४ ला तापवून कडक करता येत नाही, त्याचं टोक लोखंड कापू शकत नाही. म्हणून किनाऱ्यावर बायमेटल घ्यावेत. अंग ३०४ चं आणि पुढं जोडलेलं टोक कडक पोलादाचं. ओळखायला खिशात लोहचुंबक ठेवा. ४१० पूर्ण चिकटतो, बायमेटलचं फक्त टोक चिकटतं. किंमत बरीच जास्त आहे, पण पत्रा पुन्हा उघडण्याची मजुरी त्याहून जास्त.

येत्या एप्रिलमध्ये मांद्र्याचे सगळे स्क्रू एकेक करून काढणार आहे. जुन्या भोकात ५.५ सैल बसेल, म्हणून ६.३ मिमीचे बायमेटल सांगून ठेवलेत.